खल्फानची शपथ आन् उबैदचं बकरं

खल्फाननं ठरिवलं, शनिवारी दुबईला जायाचं. सकाळी निघायचं, दुबई बघायची, रातच्याला घरी. आन् मेन म्हंजी ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं न्हाई.

आता दुबई काय चंद्रावर हाय व्हय? आमच्या शिनास गावच्या किनाऱ्यावरनं गाडी काढली, सरहद्दीवर वळखपत्र दावलं, हत्त्याचे डोंगर ओलांडले की वाळू, आन् वाळू संपली की दुबई. पन आमच्या गावात कुनी कुठं निघालंय ही बातमी फुटली की मेलाच तो मानूस. ह्याच्या मावशीला वाळल्या मासळीचं गाठोडं, त्याच्या जावयाला हलव्याचं भांडं, एखादी म्हातारी "मला नुसतं वाटंत सोड" म्हनून आधीच पुढच्या सीटवर बसलेली. मागं खल्फान बायकोचा दात दावायला सोहार शहरात गेला, तवा परत येताना पिकपमदी एक शिवनयंत्र, दोन मेव्हने आन् एक जिती शेळी व्हती. दात दावायचा ऱ्हायलाच.

म्हनून ह्या टायमाला गुपित.

खल्फान दर्यावरचा मानूस. हात रांगडे, आवाज त्याहून रांगडा आन् डोस्कं म्हंजी तापलेला तवा. राग आला की शपथ घ्यायचा. "अल्लाशपथ, ह्या दुकानाची पायरी परत चढनार न्हाई!" आन् दुसऱ्या दिशी साखर संपली की त्याच पायरीवर. आता शपथ मोडली की दहा गरिबांना जेवू घालावं लागतं, धर्मच हाय आमचा. त्यामुळं गावातले गरीब खल्फानच्या तब्येतीची लई काळजी घेत्यात. तो गप बसलेला दिसला की त्येंचं तोंड उतरतं. (मी बी जेवलोय त्या पंगतीला, खोटं कशाला बोलू. भात झ्याक असतो. मासा वाढताना हात जरा आखडतो.)

त्येची बायको झुवैना. तिला किती वर्सांपास्नं एकच बघायचं व्हतं, दुबईतलं नाचनारं कारंजं. त्या उंच बुरजाच्या पायथ्याला पानी गान्यावर नाचतं म्हनं. तिची जाऊ शम्मा बघून आली व्हती, आन् तवापास्नं बायका कहव्याला, म्हंजी कॉफीला बसल्या की शम्माचं सुरू. "पानी असं वर जातं गं बाई, अस्सं! पन तुला काय सांगू. बघितल्याबिगर कळायचं न्हाई ते." झुवैना तोंडावर हसायची आन् घरी येऊन भांडी आपटायची. ईदला खल्फान म्हनला, "आपटू नको. नेतो तुला." तिनं त्या दिवसापास्नं एक बी भांडं आपटलं न्हाई. त्येची त्येला जास्त भीती वाटत व्हती.

शुक्करवारी सांजच्याला झुवैनानं पिकप धुतली. मासळीचा वास जाईना म्हनून आत लोबान जाळलं. मंग वास झाला लोबानाच्या मासळीचा. शम्मानं कुंपनावरनं मान काढली.

"कुठं निघालाय गं?"

"कुठं न्हाई. गाडीला नजर लागलीया."

"ह्या गाडीला?" शम्मा म्हनली. "कुनाची?"

सकाळी अंधारात दोघं निघाली. खल्फाननं नियम सांगून ठेवला व्हता, वाटंत थांबायचं न्हाई. पान्याला न्हाई, पाव्हन्याला न्हाई, कुनी हात केला तरी न्हाई. सरहद्द झटक्यात झाली. झुवैनानं नवी अबाया घातली व्हती आन् ती गुनगुनत व्हती. खल्फान बी खुशीत. हत्त्याच्या डोंगरात चढ लागला, आन् गाडीच्या नाकातनं वाफ निघाली.

बायकोनं मागल्या महिन्यात सांगितलं व्हतं, रेडिएटरचा पाइप दावून घ्या. पन मेकॅनिकच्या पायरीवर बी खल्फानची शपथ व्हती.

गाडी थांबली ती नेमकी एका बागंच्या दारात. दारातनं एक म्हातारा बाहेर आला. पांढरी दाढी, हातात काठी, नजर ससान्याची.

"अस्सलाम आलेकुम. काय खबर?"

"खबर काय न्हाई," खल्फान म्हनला. मागं वाफंचा ढग.

"काय ऐकलं-बिकलं?"

"काय न्हाई. सगळं ठीक." पाइपनं पिर्र्र केलं आन् तो फाटला.

आमच्याकडं रीतच हाय. घर जळत असलं तरी आधी सगळं ठीक म्हनायचं, मंग बादली मागायची.

"कुनाचा तू?"

"शिनासचा. सईदचा. मस्ऊद जाळीवाल्याचा नातू."

"मस्ऊद!" म्हाताऱ्यानं काठी टाकली आन् आपल्या मानसाला भेटायची रीत म्हनून खल्फानच्या नाकाला नाक लावलं. "मस्ऊदचा हात मोडला तवा माझ्या बानं बसवला! ह्याच घरात!"

आज्याचा हात कधी मोडला, खल्फानला ठावं नव्हतं. पन तो मोडल्याचा त्रास आता त्येला व्हायला लागला.

"काका, जरा पानी द्या गाडीला, कुनाची तरी गाडी बघून द्या, आमी निघतो."

"गाडी पानी पिईल आन् तू तहानलेला जाशील? उबैदच्या दारातनं?"

आत नेलंच. खजूर आला, कहवा आला. खल्फाननं पेला हलवला, म्हंजी बास. उबैदनं भिताडाकडं बघत परत वतला. परत हलवला. परत वतला. उबैदची बायको मौझा झुवैनाला आत घेऊन गेली, आन् तिथं दोघी काय बोलत व्हत्या काय ठावं, पन हसत व्हत्या.

"आता निघतो," खल्फान उठला.

"दुपारचं जेवून."

"न्हाई काका, दुबई बघायचीय. बायकोला शबूद दिलाय."

"अल्लाशपथ!" उबैद वरडला. "मस्ऊदचा नातू माझ्या हातचं जेवल्याबिगर घरी जायाचा न्हाई!"

मागल्या अंगनात बकरं वरडलं. मंग वरडायचं थांबलं.

दुसरा कुनी असता तर म्हनला असता, झालं, बसा आता. पन खल्फानचं डोस्कं ते. आपल्याला सोडून दुसरा कुनी शपथ घेतोय म्हंजी काय?

"मी बी अल्लाशपथ सांगतो! त्यो दुबईचा बुरूज ह्या डोळ्यांनी बघितल्याबिगर अन्नाचा कन तोंडात घालनार न्हाई!"

आतलं हसनं थांबलं. झुवैना दारात येऊन हुबी ऱ्हायली आन् तिनं कपाळाला हात लावला.

"तू मोड तुझी," उबैद म्हनला. "दहा गरिबांना जेवू घाल, झालं."

"तुमी मोडा. तुमच्याकडं बकरं तयार हाय, गरीबच तेवढे आना."

"माझी शपथ आधीची!"

"माझी मोठी!"

दोघं एकमेकांकडं पाठ करून बसले. रागाच्या भरात बी उबैद हात मागं करून त्येचा पेला भरतच व्हता. भात शिजला. मटनाचा वास आला. कुनी हलंना.

शेवटी मौझा बाहेर आली. "ह्येला बुरूज बघून जेवायचंय, तुमाला ह्येला जेवू घालायचंय. मंग बुरजाकडं पातेलं न्या की! एवढ्यासाठी बसलायसा व्हय कोंबड्यावानी?"

दोघांनी एकदम मान वळवली. असलं काय त्येंच्या डोस्क्यात येनार नव्हतं.

मंग काय! उबैदच्या मोठ्या गाडीत पातेलं, चटया, कहव्याची किटली, पुढं उबैद आन् खल्फान. मागनं उबैदची लेक रीम तिच्या गाडीत, शेजारी आई, पाठीमागं झुवैना. फाटक्या पाइपाची पिकप उबैदच्या दारात. झुवैना परत गुनगुनायला लागली. वरात असावी तसं निघालं सगळं.

लाल वाळूचे ढीग मागं पडले. खल्फान सीटवर ताठ बसला व्हता. जितलो, म्हनत व्हता मनात. आन् उबैदनं कचकन ब्रेक मारला.

"दिसला का?"

"काय?"

"बुरूज. त्यो बघ. विजेच्या दोन खांबांच्या मधी."

खल्फाननं बघितलं. लांब, धुरकटात, सुईएवढं काय तरी हुबं व्हतं. "न्हाई दिसत" हे शबूद पार जिभंच्या टोकापातूर आले. पन शपथेत खोटं कसं बोलायचं? आन् पाठीमागनं मटनाचा वास नाकात शिरत व्हता, पोटात सकाळपास्नं नुसता खजूर.

"दिसला," तो म्हनला. लई बारीक आवाजात.

"ह्या डोळ्यांनी?"

"ह्याच."

उबैदनं गाडी रस्त्याच्या खाली वाळूत घेतली आन् चटया अंथरल्या. मागची गाडी थांबली. झुवैना उतरली. तिनं ती सुई बघितली, मंग पातेलं बघितलं, मंग नवरा.

"अवो, आन् कारंजं?"

"जेवतो आन् निघूच. दोन घास."

एवढ्या वर्सांच्या संसारात झुवैनानं त्येचे दोन घास बघितलेले व्हते.

"शपथ तुमची हाय," ती म्हनली. "काकांची बी हाय. माझी कुठं हाय?" मागं वळली. "रीम पोरी, गाडी चालूच हाय न्हवं?"

मौझा तर उतरलीच नव्हती. तिनं आपलं ताट घरातनंच वाढून मांडीवर आनलं व्हतं.

खल्फान ताडकन उठला. "थांबा! मला सोडून गेलीस तर अल्लाश..."

उबैदनं पाव्हन्याला द्यायचा सगळ्यात चांगला मऊ तुकडा त्येच्या तोंडात कोंबला. शपथ तिथंच अडकली, तुकड्यासकट गिळावी लागली. गाडी धूळ उडवत गेली. मागच्या काचंतनं झुवैनानं हात हलवला, जरा जास्तच जोरात.

मंग तो जेवला. रागानं जेवला, पन जेवला. उबैद हाडावरचं काढून काढून पुढं ढकलत व्हता. भात, परत भात, हलवा, कहवा.

"काका, आता तरी चला. पानी नाचायचं बघायचंय."

"पानी नाचतं त्यात काय बघायचं? आमच्या धरनात गप बसतं, ते बघायला ये एकदा. कसं शान्यासारखं बसतं." उबैदनं उशाला चप्पल घेतली. "जरा पाठ टेकतो."

त्येची पाठ टेकली. खल्फान सुईकडं बघत बसला. मंग त्येचं बी पोट जड झालं, डोळे जड झाले. जागा झाला तवा उबैद नमाजाला हाका मारत व्हता आन् सुई धुरकटात गडप झाली व्हती.

अंधार पडल्यावर रीमची गाडी आली. तिघी हसत उतरल्या. झुवैनाचा आवाज बसला व्हता, एवढी वरडली व्हती ती.

"काय सांगू तुमाला," ती नवऱ्याच्या शेजारी चटईवर बसली. "पानी उठलं, आन् आमी तिघी बी उठलो. वर, वर, वर! मंग असं वाकलं, सलाम केल्यावानी. माझ्या तोंडावर शिंतोडे आले. मी पुसले न्हाईत." तिनं गाल पुढं केला. "बघा."

अंधारात काय दिसनार. पन खल्फाननं बघितलं. राग धरायचा म्हनून तो जोर लावत व्हता, पन ती एवढी खूश त्येनं लग्नात बी बघितली नव्हती.

"मला घेतल्याबिगर गेलीस," तो पुटपुटला.

"तुमाला इसरले न्हाई." तिनं पिशवीत हात घातला आन् त्येच्या तळहातावर काय तरी ठिवलं. दुकानातला पितळंचा बुरूज, किल्ल्या अडकवायच्या कडीसकट. "घ्या. जवळून बघा."

उबैदनं गाडीचा दिवा लावला. खल्फाननं ती कडी बोटात धरली, उलटीपालटी केली, डोळ्यांजवळ नेली. त्येनं दुपारी बघितला व्हता, त्या बुरजापरास ह्यो मोठा व्हता.