झुंबरबाईंची साखर

बोंडअळीची तक्रार करायला जाकीरने आपल्या कृषी केंद्रात फुकटातली एक ई-मेल उघडली होती. अख्ख्या गावाला तेवढी एकच. कोणाची अडचण नको म्हणून पासवर्ड बीटी बियाण्याच्या पोस्टरखाली खडूने लिहून ठेवलेला. बियाण्याच्या कंपनीला किडक्या बोंडांचे इतके फोटो गेले, की अळ्यांना फोटोसाठी नीट बसायची सवय लागली. उत्तर मात्र आलं नाही.

आणि एका सकाळी मेल आली. जाकीरने दुकानासमोर गाव गोळा केलं आणि मोठ्याने वाचलं, "दोनशे ऐंशी."

"एकरी भरपाई?" भगवानरावांनी विचारलं.

जाकीर थोडं खाली वाचत गेला. "एकरी नाही, बाप्पा. झुंबर मावशीच्या रक्तात. साखर हाये."

चिखलीच्या डॉक्टरांनी गावात तपासणी शिबिर घेतलं, तेव्हा झुंबरबाईंनी गावाचीच मेल सांगितली होती. दुसरी होतीच कुठे?

दुपारपर्यंत गावाने त्यांची साखर अशी तोडली, की दारातल्या मुंग्यांनीही बिऱ्हाड हलवलं. बारशाच्या पंगतीत त्यांच्या पानातली जिलेबी वाढपी परत घेऊन गेला. पण खरा घाव घातला कादरने. त्यांचा रोजचा चहा त्याच्या टपरीवर, आणि तो चहा म्हणजे रंग आलेली साखरच.

"मावशी, तुले आता फिकाच भेटन."

"काऊन बे? तू डाक्टर हायेस?"

"साऱ्या गावाले मालूम हाये."

"मंग साऱ्या गावालेच पाज फिका."

कप तसाच ठेवून झुंबरबाईंनी चिखलीची एसटी पकडली.

"माही साखर कोणाले इचारून वाटली, डाक्टर साहेब?"

"आजी, पत्ता तुम्हीच दिला होता."

"पत्ता गावाचा देला. गावाले सांगा, असं म्हनलं होतं का म्या? आन रोग्याचं दुखणं फुकटच्या मेलवर टाकाचं, हे कोण्या नियमात बसते?"

डॉक्टर चष्मा पुसू लागले. "ते... बघावं लागेल. पण पासवर्ड असतो ना त्याला."

"हाये ना. भिंतीवर हाये."

डॉक्टरांनी घाईने संगणक उघडला. "अहो, बाकी सगळ्यांनीही हाच पत्ता दिलाय. त्यांचे रिपोर्ट संध्याकाळी पाठवणार होतो."

जिलेबी उचलणारा वाढपी, भगवानराव, कादर, सगळे झुंबरबाईंच्या डोळ्यांपुढून गेले. मोह मोठा होता.

"नका पाठवू," त्या म्हणाल्या. "गाडी काढा."

त्या संध्याकाळी डॉक्टर जाकीरच्या दुकानात खताच्या पोत्यांआड बसले आणि एकेकाला आत बोलावून ज्याचं त्याला कानात सांगत राहिले. पोत्यांपुढे झुंबरबाई काठी घेऊन उभ्या. भगवानरावांनी जरा मान लांब केली, तर काठीचं टोक थेट त्यांच्या कानाशी आलं. जाकीरने कोणी न सांगता भिंत पुसली.

कादर आत गेला, बाहेर आला. टपरीवर जाऊन त्याने आधण ठेवलं.

"मावशी," सगळ्यांचं आटोपून झुंबरबाई टपरीवर आल्या तेव्हा त्याने विचारलं, "साखर टाकू?"

"नको. पन आता इचारलंस ना, असंच इचारत जाय."

कादरने दोन कप भरले. एक त्यांना दिला, एक स्वतः घेतला. साखरेच्या डब्याचं झाकण काही उघडलं नाही.

झुंबरबाईंनी ते पाहिलं. चहावर फुंकर मारली आणि विचारलं, "कपाशी काय म्हनते तुही?"