गडबच्या त्र्याऐंशी शेंगा

शेतीमध्ये हवामान हा सर्वांत बेभरवशाचा घटक असून कार्यक्रमपत्रिका हा सर्वांत भरवशाचा घटक आहे. या दोहोंत मतभेद झाल्यास माघार कोणी घ्यायची, याबाबत आपल्याकडे फार काळ काही धोरणच नव्हतं. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘परसबाग व ऋतुमान सुसंगती समिती (पेण-रोहा)’ स्थापन झाली. मी तिचा मानद चिटणीस. (मान कोणी देत नाही, पण शब्द आहे.)

समितीची निकड पटवायला गेल्या हंगामाची स्थिती पुरेशी आहे. ऑक्टोबरात निरोप घेतलेला पाऊस डिसेंबरात पुन्हा येऊन गेला. (काहीतरी विसरलं असावं.) रोह्यात एका आंब्याला पालवी, मोहोर आणि कैऱ्या एकाच वेळी लागल्या, त्यामुळे मालकांना झाडाखाली उभं राहून आनंद कशाचा मानावा ते कळेना. कासूला शेवगा दोनदा फुलला आणि दोन्ही वेळा पावसानं झोडपून काढला. आम्ही पाहिलेल्या एकशे सव्वीस परसबागांपैकी एकशे एकोणीस बागा ‘ऋतूशी विसंगत’ आढळल्या. उरलेल्या सात प्लास्टिकच्या होत्या.

पाहणीच्या तक्त्यात ‘पाऊस’ या रकान्यापुढे तीन पर्याय आहेत : वेळेवर, उशिरा, अमान्य. डिसेंबरचा पाऊस आम्ही बहुमतानं अमान्य केला. आता तो पडायचा तो पडलाच, पण आमच्या दप्तरात त्याची नोंद नाही, आणि दप्तर कोरडं आहे.

अडचण एकच उरली. वाल.

आमच्या भागात भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरतात. पाणी द्यावं लागत नाही, दवावर होतो. फक्त वरून पाऊस पडता कामा नये. तो पडला. तीन दिवसांत गडब गावातला आणि आसपासच्या शेतांतला वाल बसला तो उठलाच नाही. पेरलेलं गेलं म्हणजे बियाणंही गेलं. कारण घरातलं सगळं बी शेतात, आणि शेत पाण्यात. भांबुर्ड्याचं तण मात्र तेव्हा बांधाबांधावर कमरेएवढं. (त्याला कोणी पेरत नाही, म्हणून त्याचं काही बिघडत नाही.)

आता जानेवारीच्या चौथ्या शनिवारी समितीचा ‘पोपटी संवर्धन महोत्सव’ ठरलेला होता. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या हिरव्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये अंडी, कोंबडी; पाण्याचा थेंब न घालता मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. महोत्सवाचा नियम क्रमांक चार सांगतो की शेंगा स्थानिकच हव्यात. बाहेरच्या शेंगांना बंदी आहे. तारीख जूनमध्ये ठरली होती, पत्रिका सप्टेंबरात छापल्या होत्या आणि एकशे चाळीस पाहुण्यांनी होकार कळवला होता. वाल तेवढा कळवायचा राहिला होता.

अशा वेळी पाहणी करता करता मला गडबला पुतळीबाईंच्या पडवीत एक थर्माकोलची मासळीची पेटी आढळली. पेटीत माती आणि मातीत वालाची सात झाडं. कौलांच्या आडोशाला असल्यानं पावसाला ती दिसली नसावीत. मी नियमानुसार शेंगा मोजल्या. त्र्याऐंशी भरल्या. फोटो काढला, तक्त्यात लिहिलं, खाली सही केली. आयुष्यात इतकी अचूक नोंद मी कधी केली नव्हती आणि पुन्हा करणार नाही.

“मोजता कशाला ओ?” पुतळीबाईंनी विचारलं.

“नोंद लागते.”

“नोंदीत काय लिवायचं ता लिवा. पण ह्या शेंगा खायच्या नायत. बियाला ठेवल्यात. माझ्या सासूच्या हातचा वाल हाय हा. आमी कदी इकत बी आणला नाय. ह्यो गेला तर सपला.”

शेजारच्या रिझवानाबी कुंपणावरून ऐकत होत्या. नवरा कतारला, घरामागं पाच गुंठे, त्यातला वालही कुजलेला. निम्मं बी त्यांना मिळायचं ठरलं होतं, म्हणून राखणही निम्मी त्यांची. सकाळी वानरं हाकलायची पाळी पुतळीबाईंची, दुपारी कोंबड्या हाकलायची रिझवानाबींची. चिटणीस हाकलायची पाळी कोणाची हे ठरलेलं नव्हतं. तिथंच घात झाला.

समितीच्या अध्यक्षा मृणालीताई. रोह्याला त्यांच्या गच्चीत ऐंशी कुंड्या आहेत आणि प्रत्येकीवर इंग्रजी नावाची पाटी आहे. माझा तक्ता वाचून त्यांचे डोळे भरून आले. त्या दुसऱ्याच दिवशी गाडी काढून गडबला आल्या.

“पुतळीताई, हा वाल वाचलाच पाहिजे,” त्या म्हणाल्या.

“व्हय ओ ताई. तेच तर सांगतंय.”

“म्हणून आम्ही तो महोत्सवात घेणार आहोत.”

“घेनार म्हंजे?”

“पोपटीत.”

पुतळीबाईंचे यजमान कमळाकर सेकंड शिफ्टला निघाले होते, ते चपलेत पाय अर्धा ठेवून थांबले.

“ताई, शिजवला तर उगवंल कसा?” त्यांनी विचारलं. कंपनीत ते मेंटेनन्सला असल्यानं असले बारकावे त्यांना सुचतात.

मृणालीताई समजुतीनं हसल्या. “दादा, एखादी गोष्ट टिकवायची तर आधी ती लोकांपर्यंत पोचायला हवी ना? नाहीतर कुणाला कळणार काय टिकवायचं ते?”

हा युक्तिवाद बिनतोड होता. मी तो इतिवृत्तात जसाच्या तसा घेतला. शिवाय शेंगा त्र्याऐंशी असल्याचं आता पेण ते रोहा सगळ्यांना ठाऊक होतं, ‘गडबचा शेवटचा वाल’ म्हणून मृणालीताईंनी टाकलेल्या फोटोला दोन हजारांवर अंगठे आले होते, आणि पुतळीबाईंच्या भाच्याच्या सरपंचपदाला मृणालीताईंच्या दिरांचा पाठिंबा होता. नाही म्हणायला घरात जागा उरली नाही. शनिवारी सकाळी शेंगा तोडून तयार ठेवायचं ठरलं.

मृणालीताईंची गाडी वळणाआड गेल्यावर रिझवानाबी कुंपणाशी आल्या. मी तक्त्याची घडी घालत होतो.

“पुतळे, रडू नको गो.”

“रडत नाय मी. ह्या बाबाचा हात मोडला असता तर बरा झाला असता,” माझ्याकडे बघून पुतळीबाई म्हणाल्या. “त्र्यांशी म्हने!”

“त्र्याऐंशीच पायजेत ना त्यांना?” रिझवानाबी म्हणाल्या. “देऊ की मग.”

शनिवारी सकाळी आठला मी शेंगा न्यायला गेलो. रिझवानाबींनी पिशवी हातात दिली. शेंगा धुतलेल्या, पुसलेल्या, सारख्या लांबीच्या, मोजून त्र्याऐंशी. पिशवीवर पेणच्या एका भाजीवाल्याचं नाव होतं. पडवीत पेटीपुढे जुन्या लुगड्याचा पडदा लावलेला होता आणि पडद्याखालून एक हिरवी शेंग बाहेर लोंबत होती. मी शेंगेकडे पाहिलं. पुतळीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या तक्त्यात पडद्याचा रकाना नाही. मी पिशवी घेऊन निघालो.

महोत्सव भर दुपारी बारा वाजता झाला, कारण प्रमुख पाहुण्यांना चार वाजता दुसरीकडे वृक्षारोपण होतं. पत्रिकेत ‘गुलाबी थंडीत’ असं छापलेलं असल्यानं निमंत्रित स्वेटर, शाली आणि कानटोप्या घालून आले. पारा चौतीसवर होता. दोघांना घेरी आली, पण स्वेटर कोणी काढला नाही. (शिस्त.) दरडोई शून्य पूर्णांक एकोणसाठ शतांश शेंग वाट्याला येत असल्यानं एका शेंगेचे दोन भाग करून वाढण्यात आले. उरलेले सव्वीस भाग चव उपसमितीसाठी राखून ठेवले.

तीन सदस्यांच्या चव उपसमितीनं डोळे मिटून शेंगा चावल्या. बराच वेळ चावल्या.

“काही म्हणा,” मृणालीताई म्हणाल्या, “ही चव गडबच्या मातीशिवाय येणं शक्य नाही. बाजारच्या वालाला हे कुठून येणार?”

दुसऱ्या सदस्यांना तीत खाडीचा खारेपणा जाणवला. तिसऱ्यांना पुतळीबाईंच्या सासूबाईंचे कष्ट जाणवले. अहवालावर तिघांच्या सह्या झाल्या. घाटावरच्या कुठल्याशा शेतकऱ्याला आजवर इतका मोठा सन्मान मिळाला नसेल, आणि मिळालेला त्याला अजून माहीत नाही.

टाळ्या थांबल्यावर मृणालीताईंनी पुतळीबाईंना बाजूला घेतलं. या वालाचं थोडंसं बी कुठं शिल्लक असेल का? लोकांना ते वाटून द्यायचं होतं.

पुतळीबाईंनी रिझवानाबींकडे पाहिलं.

“आसंल की,” रिझवानाबी म्हणाल्या. “किती किलो पायजे?”

सात झाडांचं, तेही शनिवारी सकाळी सर्व शेंगा तोडून दिलेल्या सात झाडांचं बियाणं सोमवारी अकरा किलो भरलं. मृणालीताईंनी लगेच हिशेब मांडला : प्रति झाड दीड किलोच्या वर, अवकाळी पावसात, पेटीत. असं उत्पन्न राज्यात कुठंही नाही. वाणाला तिथल्या तिथे ‘हवामान-प्रतिकारक’ दर्जा देण्यात आला. पेणच्या किराणा दुकानातल्या वालाची तीनशे बेचाळीस पाकिटं झाली, प्रत्येकावर पुतळीबाईंचा फोटो, आणि ती आठवड्याभरात संपली.

समितीच्या दप्तरानुसार गडबचा मूळ वाल त्याच शनिवारी दुपारी संवर्धित होऊन संपला. दप्तराबाहेर, मार्चमध्ये, पुतळीबाईंच्या अंगणात त्र्याऐंशीपैकी ब्याऐंशी शेंगा वाळल्या. (एक वानरानं नेली. त्याची चव कोणी विचारलेली नाही.) बियांचे दोन वाटे झाले आणि राख लावून दोन घरांतल्या दोन डब्यांत गेले. यंदा भात कापल्यावर ते पेरले गेले. पाऊस आलाच तर असाव्यात म्हणून दोघींनी दहा दहा बिया पडवीतल्या पेटीतही टाकल्या आहेत.

पाकिटं पुण्या-मुंबईकडं अधिक गेली, म्हणजे तुमच्याकडे. तुमचे फोटो समितीच्या ग्रुपवर रोज येतात. गॅलरीच्या जाळीवर चढलेला वेल, जांभळट फुलं, आणि खाली तुमचा मजकूर : ‘पानावरूनच कळतं, अस्सल गडबचा.’ काहींनी पहिल्या शेंगा उकडूनही पाहिल्या आणि मातीचा वास येत असल्याचं कळवलं आहे. परवा हे सगळं मी पुतळीबाईंना दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून एकेक फोटो पाहिला.

“ह्यांना कुनी सांगितला हा आमचा म्हून?”

“त्यांना आपोआप कळलं.”

पुतळीबाईंनी मोबाईल परत दिला आणि कोंबडी हाकलायला उठल्या.

चव उपसमितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करू नका, तुमचं नाव मी कालच घातलं.