खोचायचं की पिळायचं

मधुसूदन सकाळपासून स्टुलावर चढत होता आणि उतरत होता. खिडकीत नवाकोरा कूलर बसला होता, वाळ्याच्या ताट्या भिजवून झाल्या होत्या, पण मेल्या कूलरची वायर बोर्डाच्या बरोबर दोन हात अलीकडे संपत होती. वायरीला जोड देणं भाग होतं, आणि तो कसा द्यायचा हे काही केल्या ठरत नव्हतं.

एरवी त्यानं ‘मरो, उद्या पाहू’ म्हणून सोडून दिलं असतं. पण आज काटोलहून सासरे नागपूरला येणार होते. मागच्या वर्षी, ब्याऐंशीच्या मे महिन्यात, मनोहरराव याच खोलीत घामानं निथळले होते आणि जाताना बजावून गेले होते, "जावईबापू, पुढच्या साली घरात गारवा नसला, तर उत्तराले मी उन्हाळाभर काटोलले नेतो." उन्हाळाभर उत्तराशिवाय! त्या धास्तीनंच मधुसूदननं हा कूलर घेतला होता.

"पिळून टाक गा!" शेजारचे देवराव खुर्चीतून म्हणाले. "तारेले तार पिळायची, वरून पट्टी मारायची. माझ्या घरी धा वर्षं झाले, हालली नाही."

"अन् सुटली तर, काका? चिनी मातीचा कनेक्टर येते. त्यात दोन्हीकडून तारा खोचायच्या, स्क्रू आवळायचे."

"खोचलेलं निसटते. पिळलेलं धरून राहते."

"अहो, पिळा नाहीतर खोचा," उत्तरा वैतागून म्हणाली, "पण बाबा यायच्या आत एकदाचं काही करा!"

शेवटी देवरावांनीच तारा पिळल्या. पट्टी मात्र दिवाळीच्या माळांची उरलेली, उन्हानं तिचा डिंक पार आटून गेलेला. बटण दाबताच पट्टी उलगडली, उघड्या तारा एकमेकींना भेटल्या, फट्‌कन आवाज झाला आणि फ्यूज उडाला.

"पट्टी जुनी होती," देवराव शांतपणे म्हणाले. "पिळात खोट नाही."

"मेन बंद करा आधी!" मधुसूदन ओरडला. "ते काही नाही. कनेक्टर पाहिजे! कनेक्टर आल्याशिवाय मी या तारेले हात लावत नाही!"

आत त्याची आई, जिजाबाई, भाजी निवडत होती. तिला कमी ऐकू येई, पण त्यावाचून तिचं कधी काही अडलं नव्हतं. तिनं पायात चपला सरकवल्या, मागच्या दारानं गेली आणि पाच मिनिटांत मागच्या गल्लीतल्या शालिकरामला खाकी वर्दीसकट घेऊन आली.

"घे रे बाबू, आणला कंडक्टर."

मधुसूदननं कपाळाला हात लावला. "आई, कनेक्टर म्हटलं होतं मी!"

"तेच त. व्याही काटोलच्या गाडीनं येऊन राहिले, हा त्याच गाडीवर असते. मले वाटलं, तुले जागा धरायची असंल."

"लवकर बोला, माझी बाराची काटोलची एसटी हाय," शालिकराम म्हणाला. "भांडण काय हाय?" रोज जागेवरून जुंपलेल्यांचा निवाडा करून करून त्याला ती खोडच लागली होती. त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला, "दोघंही बराबर. आधी पिळा, मंग खोचा. अन् कनेक्टर हाय ना माझ्या घरी, पंखा लावला तवाचा."

जिजाबाईनं लेकाकडे अशी काही नजर टाकली की तो मुकाट्यानं स्टुलावर चढला.

कनेक्टर आला, तर त्याचा एक स्क्रू झिजलेला. दुसरा शोधला, तर तो आवळायला पेचकस सापडेना. "आता एवढं करूनच जातो," म्हणत शालिकरामनं बाह्या सारल्या. शेवटी फ्यूजला नवी तार घातली, कूलर सुरू झाला आणि घरात अशी गार झुळूक आली की देवरावसुद्धा वाद विसरले. शालिकराम "दोन मिनिटं हवा घेतो" म्हणून दिवाणावर टेकला. मधुसूदन तर आनंदानं नाचायचाच बाकी होता. घड्याळाकडे कोणी पाहिलंच नाही.

चार वाजले, पाच वाजले. सासऱ्यांचा पत्ता नाही. मधुसूदननं फाटकापर्यंत वीस येरझारा घातल्या. सहाला मनोहरराव आले, लालबुंद होऊन, अंगाला कांद्याचा वास.

"कांद्याच्या ट्रकवर बसून आलो! अडीच तास उन्हात उभा होतो. म्हणे नागपूरहून गाडीच निघाली नाही, कंडक्टर ड्युटीवर आला नाही! सापडू द्या मले तो, वर्दी उतरवतो त्याची!"

आता कुठे मधुसूदनच्या डोक्यात प्रकाश पडला. तो दारातच आडवा उभा राहिला. "मामाजी, अंगणात बसू ना. हवा बरी आहे."

"कूलर घेतला ना? मंग अंगणात काहून? सरका!"

आत दिवाणावर खाकी वर्दी घोरत होती. चाहूल लागताच शालिकराम डोळे न उघडताच ओरडला, "सरका, पुढं सरका, जागा हाय!" आणि स्वतःच भिंतीकडे सरकला.

मनोहररावांनी शिवी द्यायला तोंड उघडलं आणि नेमका कूलरचा गार झोत तोंडावर बसला. तोंड तसंच उघडं राहिलं. मग हळूच मिटलं. ते शालिकरामनं केलेल्या जागेवर बसले, टोपी काढली, डोळे मिटले.

"जावईबापू," ते म्हणाले, "झकास हाय."

"मग उत्तराले नेत नाही ना?" मधुसूदननं विचारलं.

"छे! तिले काहून नेऊ?" मनोहररावांनी पिशवी दिवाणाखाली सारली आणि पाय पसरले. "मीच राहतो इथं, मृग लागेपर्यंत."

मधुसूदननं वर जोडाकडे पाहिलं. पिळलेलं उलट पिळलं तर सुटतं का, हे देवरावांना एकदा विचारून घ्यावं, असं त्याच्या मनात आलं.