आठवा चौक रिकामा आहे

व्यायाम हा आरोग्याचा पाया आहे, याबद्दल आमच्या अर्धापूरच्या शाळेत कुणाचंही दुमत नाही. मुलींचं तर नाहीच. दहावीच्या सदतीस मुलींची पाहणी केली, तेव्हा छत्तीस जणी मोबाईलवर रोज दीड तास व्यायाम बघतात असं आढळलं. (बसून चार, पडून बत्तीस.) एवढी आस्था आमच्या काळी नव्हती. आम्ही नुसतेच पळायचो.

सदतिसावी तनुजा. तिला खो-खोच्या जिल्हा स्पर्धेत उतरायचं आहे आणि त्यासाठी सोमवारपर्यंत नऊ मुली हव्यात. आठ चौकांत आठ जणी बसतात, नववी पाठलाग करते. नावं आली एक, तिचंच. बाकीच्यांची कारणं रास्त होती. रीलमधल्या ताया घाम न येऊ देता व्यायाम करतात, मातीत बसत नाहीत, केस विस्कटू देत नाहीत. उर्वीने तर लेखी कळवलं, की जांभळी चटई आल्याशिवाय व्यायाम करणं धोक्याचं आहे. मुख्याध्यापक किशनरावांनी तातडीने समिती नेमली. सचिव मी. खो-खोत चटई कुठे अंथरावी, यावर विचार चालू आहे.

तेवढ्यात तनुजाने आगाऊपणा केला. "पोरीहो, खो-खोचं रील काढायलेय मी. या लवकर!"

सात जणी लिपस्टिक लावून आल्या. मोबाईल खांबाला टेकवला. पळायला कुणी नव्हतं, म्हणून शाळेची खिचडी शिजवणाऱ्या धोंडाबाईंनी पदर खोचला. (वय बावन्न. नऊ मिनिटं सापडल्या नाहीत.)

"धरा की गं! खिचडी करपायली माझी!"

तिसऱ्याच मिनिटाला मोबाईलचं चार्जिंग संपलं. समितीच्या मते व्यायाम तिथेच संपला. मुलींच्या मात्र ते लक्षातच आलं नाही. पाऊण तास धुळीत पळत होत्या, खिदळत होत्या. उर्वी दोनदा आपटली आणि उठून ओरडली, "अजून एक डाव!" खरं सांगतो, सचिवपद विसरून मी टाळ्या वाजवल्या.

पूर्ण चित्रण नसल्यामुळे या व्यायामाची नोंद करता आली नाही. खिचडी करपल्याची झाली.

तर पालकहो, आठ मुली जमल्या आहेत, एक चौक रिकामा आहे. नववी बहुधा आपल्याच घरात असेल. हाक मारून बघा. लगेच उठणार नाही, त्याबद्दल तिला रागावू नका. ही सूचनाही आपण मोबाईलवर पडूनच वाचताय, आणि आपलं हे पडून राहणं ती रोज बघते.