फेसाची मिशी पुसू नये

माणूस एकटा असतो तेव्हा त्याला पोट असते. चार माणसांत आला की फक्त तोंड उरते. सामाजिक मानसशास्त्राची सगळी जाडजूड पुस्तके या एका वाक्यावर उभी आहेत, फक्त ती हे वाक्य छापत नाहीत. (छापले तर उरलेली साडेचारशे पाने भरायची कशाने?)

नवशिक्या विद्यार्थ्यांनी हा विषय समजून घेण्यासाठी ग्रंथालयात जाऊ नये. कोल्हापुरातल्या कोणत्याही दूध कट्ट्यावर संध्याकाळी साडेसहाला उभे राहावे. म्हैस समोर, धार समोर, पेला हातात. दूध तापवण्यात, गाळण्यात किंवा विचार करण्यात मध्ये वेळ जात नाही. पेला एका दमात संपवायचा आणि वरच्या ओठावर आलेली फेसाची मिशी पुसायची नाही, हा नियम कुठेही लिहिलेला नाही. म्हणूनच तो सगळे पाळतात. मिशी पुसणारा माणूस बाहेरचा धरला जातो. (बहुधा पुण्याचा.)

तेजस्वीने मानसशास्त्रात बी.ए. केले होते, प्रथम श्रेणीत. तीही हा नियम पाळत असे. तिचा साडेतीन वर्षांचा राजवीरही पाळत असे, पण घरी आल्यावर तासाभरात पोट धरून कण्हायला लागे. चार महिन्यांत त्याचे वजन वाढायचे सोडून पाऊण किलोने उतरले. तेजस्वीने एका वहीत रकाने आखले: वेळ, वजन, शी, रडण्याचा आवाज. डॉक्टरांनी वही पाहिली, पोट दाबून पाहिले, तपासण्या केल्या आणि सांगितले, "म्हशीचं दूध पचत नाही त्याला. बंद करा. आत्ता बंद केलंत तर पोरगं महिन्यात उभं राहील. नाहीतर आतडं खराब होत जाईल."

सूचना सोपी होती. अडचण एवढीच, की ती कोल्हापुरात दिली गेली.

"दूध पचत न्हाय?" तिचे सासरे हंबीरराव यांनी पेपर खाली ठेवला. "कुठला डॉक्टर?"

"इथलाच आहे, आबा."

"मग शिकायला भायेर गेला आसंल."

प्रश्न मिटला. तरीही नातवाच्या तब्येतीचा विषय असल्याने आबांनी औदार्याने तीन पर्याय मांडले: पेला बदलणे, म्हैस बदलणे, डॉक्टर बदलणे. दूध बंद करण्याचा पर्याय आराखड्यात नव्हता. तेजस्वीचा नवरा विश्वजित याने दोन्ही बाजूंना पाठिंबा दिला आणि आंघोळीला गेला. आता राजवीरला कट्ट्यावर न्यायची जबाबदारी आबांनी स्वतःच्या बोटाला बांधून घेतली.

तेव्हा तेजस्वीने शास्त्राचा आधार घेतला. कट्ट्यावर रोज येणारी मंडळी तेवीस. त्यांपैकी एकोणीस जणांना तिने एकेकटे गाठले: जिन्यात, गिरणीत, दवाखान्याच्या बाकावर. सतरा जणांनी दूध सोसत नसल्याचे मान्य केले. एकाने आपल्याला सोसते, पण बायको नाही म्हणते असे सांगितले. एक जण नुसताच रडला.

खालच्या मजल्यावरची मोना तर तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. "व्हय गं, आमच्या आदर्शला रोज जुलाब. पण सगळ्यांची पोरं गटागटा पित्यात, आमचंच तेवढं नाजूक हाय म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? मी गुपचूप ओवा चारतो बघ."

खुद्द म्हशीचा मालक ज्ञानू म्हणाला, "वैनी, मला बी सोसत न्हाय. मी काळा चा पितो. पर गिऱ्हाइकाम्होरं कसा पिऊ?"

आबांना विचारण्याची गरजच पडली नाही. त्यांनी तरुणपणी कुस्तीत जिंकलेली चांदीची गदा पुसताना तेजस्वीला गदेच्या मागे जळजळीच्या गुलाबी औषधाची बाटली सापडली. अर्धी रिकामी.

पुस्तकात या प्रकाराला सामूहिक अज्ञान म्हणतात. म्हणजे प्रत्येकाला एकेकट्याने माहीत असलेली गोष्ट सगळ्यांना मिळून माहीत नसणे. सहा गुणांच्या या प्रश्नात तेजस्वीला साडेपाच मिळाले होते. (उदाहरण न दिल्याबद्दल अर्धा गुण कापला होता.) उपायही पुस्तकातच होता: एकाने उघड बोलावे, की बाकीचे आपोआप मोकळे होतात. पुस्तकात तो एक जण नेहमी हजर असतो.

मोना म्हणाली, "तू नुसतं तोंड उघड, मी लगेच व्हय म्हंतो की!" अशी आणखी सहा वचने मिळाली.

गुरुवारी कट्टा भरलेला होता. ज्ञानूने पेला पुढे केला. तेजस्वीने तो मध्येच थोपवला आणि पाठ केल्यासारखे बोलली, "राजवीरला आजपासून दूध नको. त्याला पचत नाही. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय."

धार थांबली. म्हशीनेही मान वळवली. तेजस्वीने मोनाकडे पाहिले. मोना पलीकडच्या बाईकडे पाहत होती, ती बाई ज्ञानूकडे, ज्ञानू आबांकडे. प्रत्येक जण दुसऱ्याचा चेहरा वाचत होता, आणि आपला वाचला जाणार म्हणून तो कोरा ठेवत होता. तेवीस कोरे चेहरे एकत्र आले की त्याला जनमत म्हणतात.

"काय गं मोना," आबांनी विचारले, "तुझ्या पोराला हुतंय का काय?"

"छ्या! आमचा आदर्श दोन-दोन पेले मागतोय की!"

आदर्शला तिथेच दोन पेले देण्यात आले. (पुढचे दोन दिवस तो बालवाडीत आला नाही. साथ आहे म्हणे.)

मग आबा गुडघ्यावर हात ठेवून नातवासमोर वाकले. "खरं सांग रं वाघा. पोट दुखतंय तुझं?"

तेजस्वी सोडली तर सगळ्या कट्ट्यात अजून खरे बोलणारा हा एकच इसम शिल्लक होता. कालपर्यंत तो रस्त्यावर, देवळात, पाहुण्यांपुढे कुठेही बेधडक सांगायचा, 'पोट दुखतंय.' त्याने आबांकडे पाहिले. आदर्शच्या फेसाच्या मिशीकडे पाहिले. शेवटी आईकडे पाहिले.

आणि आई हसली. तिला हसायचे नव्हते. पण सगळे बघत होते, आणि सगळे बघत असताना माणसाचा चेहरा जे करतो ते तिच्या चेहऱ्याने तिला न विचारता केले.

पोराने ते हसू नीट वाचले. "न्हाय," तो म्हणाला. "मला आवडतंय."

"शाब्बास!" सगळा कट्टा एकदम म्हणाला. राजवीरने पेला एका दमात संपवला आणि मिशी पुसली नाही. जे शिकायला त्याच्या आईला कॉलेजात तीन वर्षे लागली, ते त्याने चार महिन्यांत, फीशिवाय, आत्मसात केले.

घरी आल्यावर तो गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला. कण्हला नाही. तेजस्वी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. तळहाताखाली त्याचे अंग आवळत होते, सुटत होते.

"दुखतंय का रे, राजा? मी एकटीच आहे. मला सांग."

त्याने आधी दाराकडे पाहिले. तिथे कुणीच नव्हते. "न्हाय," तो म्हणाला.

तिने वहीतल्या आवाजाच्या रकान्यात 'निरंक' असे लिहिले.

आईने हसायला नको होते, पेला हिसकावून ओतून द्यायला हवा होता, असे तुम्हाला वाटत असणार. अगदी बरोबर आहे. आजवर ज्यांना ज्यांना ही हकीकत एकटे गाठून सांगितली, त्या प्रत्येकाने हेच मत दिले, आणि निघताना आवाज खाली घेऊन म्हटले, "फक्त माझं नाव कुठं घेऊ नका."

तुमचेही घेतलेले नाही.