आबासाहेबांनी उघडलेली फाईल

खंडेनवमीच्या दुपारी मुख्याध्यापिका पुष्पावतीबाईंनी आपल्या टेबलावरच्या संगणकात प्रस्तावाची फाईल उघडायला घेतली, तेव्हा पडद्यावर एक चौकट अवतरली : ‘ही फाईल आबासाहेब यांनी उघडलेली आहे. आपण ती केवळ वाचू शकता.’

“आबासाहेबांनी?” बाई खुर्चीतून उठल्याच. “त्या जुन्या लिपिकांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली! आणि केवळ वाचू शकता म्हणजे काय? शाळा मी चालवते की आबासाहेब?”

मिरजगावच्या त्या शाळेत आठवीची मुलं मागच्या खोलीतल्या एकुलत्या म्हाताऱ्या संगणकाभोवती अशी दाटीवाटीने बसत, की मागच्यांना पडद्याऐवजी पुढच्यांचे कान तेवढे दिसत. दहा नव्या संगणकांचा प्रस्ताव आज पाचाच्या आत नगरच्या शिक्षण कार्यालयात पोहोचला नाही, तर आणखी वर्षभर कानच पाहावे लागणार होते. प्रस्ताव लिहिला होता नव्या लिपिकाने, शौनकने. तो बोलायचा कमी. पण ‘मुले वाट पाहत आहेत’ हे साधे वाक्य टंकल्यावर आपले डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून तो उगाचच पाणी प्यायला उठला होता.

बाईंनी जामखेडला फोन लावला. “आबासाहेब, आधी ती फाईल बंद करा!”

“कंची फाईल? बाई, मी शेवग्याच्या शेंगा काढतोय. झाडावर हाय मी.”

“अहो, संगणकात तुमचं नाव येतंय!”

पलीकडे फांदी कुरकुरली. मग आबासाहेब भरल्या आवाजात म्हणाले, “अजून येतंय व्हय? घराच्या पाटीवरनं बी गेलं हो. तिथं आता सूनबाईचं हाय.”

झाडावरच्या माणसाला फाईल सोडता येईना. बाईंनी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तार उपसून तिच्यावर फुंकर मारली, शेवटी डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तर आबासाहेब जागच्या जागी.

शौनकच्या मात्र सगळे ध्यानात आले होते. आबासाहेब हे नाव मागच्या खोलीतल्या संगणकाचे. पहिल्यांदा तो त्यांनी सुरू केला, त्याला आपले नाव दिले, आणि पुढे ते पुसावेसे कुणालाच वाटले नाही. प्रस्तावही त्याच्याच पोटात होता. बाईंचा संगणक तारेतून तो मागून घेई. सकाळी शिपाई झुंबरबाईंनी त्या म्हाताऱ्याला पुसून हार घातला, तेव्हा बाईच म्हणाल्या होत्या, “कोरा पडदा पुजायचा नाही. प्रस्ताव उघडून ठेवा, त्यालाही हळदकुंकू लागू दे.” इतकेच नव्हे, तर भरात येऊन त्यांनी शेवटचा परिच्छेदही तिथेच स्वहस्ते टंकला होता. बाईंच्या टेबलावरच्या धाकट्या संगणकाला तेवढी कामासाठी पूजेतून सूट मिळाली होती.

पण संतापलेल्या मुख्याध्यापिकेला ‘फाईल तुम्हीच उघडलीत’ असे सांगायचे कसे? शौनक जपून म्हणाला, “बाई, मागचा संगणक... सकाळी... तसाच उघडा राहिला असावा.”

बाईंना आठवले. त्यांनी घाईने पदर सावरला. “मग चला, उभे काय राहिलात?”

मागच्या खोलीच्या दारात झुंबरबाई स्टूल टाकून बसल्या होत्या. “हात लावायचा न्हाई. पूजा झालीया. आता उद्या सोनं लुटल्यावर.”

“मावशी, फक्त फाईल बंद करायची आहे,” बाई म्हणाल्या.

“घरी माझा इळा बसलाय, कोयता बसलाय. त्यांनी सुट्टी घ्यायची आन् ह्यानं काम करायचं व्हय?”

पुजलेल्या अवजाराला विश्रांती द्यावी, हे सकाळी प्रार्थनेच्या वेळी बाईंनीच मुलांना सांगितले होते.

मग बाईंनी ‘केवळ वाचा’चा अपमान गिळला. शौनकने फाईल तशीच उघडून तिची प्रत दुसऱ्या नावाने ठेवली. तिच्यात सगळे होते. फक्त बाईंचा परिच्छेद नव्हता. तो साठवायचाच राहिला होता.

“काय लिहिलं होतं, बाई?”

“ते आठवत नाही. पण फार सुंदर होतं हो.”

दोघे पुन्हा मागे आले. म्हाताऱ्याचा पडदा झोपून काळाठिक्कर पडला होता. “मोबाईलला अंधारातलं दिसतं म्हणे, काढा फोटो,” बाई म्हणाल्या. फोटोत हार आला, कुंकू आले, उदबत्तीचा धूर आला. परिच्छेद आला नाही.

शौनकने दाराशी ठेवलेल्या उरल्या झेंडूंकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, “मावशी, फूल वाहिलेलं चालतं का?”

“फूल न चालाया काय झालं?”

त्याने एक झेंडू माऊसच्या दिशेने टाकला. तो भिंतीला लागला. दुसरा झुंबरबाईंच्या मांडीवर पडला.

“अगं बया! मला कशापायी पुजताय?”

“सरका,” बाई म्हणाल्या. “गोळाफेकीत तालुक्यात पहिली होते मी.” टपोरा झेंडू सणसणत गेला, माऊस हलला, आणि झेंडूच्या हारामागे पडदा पहाटेसारखा उजळला. परिच्छेद जागच्या जागी होता. शौनकने दुरूनच त्याचा फोटो घेतला, धावत जाऊन तो टंकला, आणि पाठवता पाठवता शेवटची अट वाचली : ‘सध्याच्या संगणकाचा फोटो जोडावा.’ संगणक पुरता दिसेल असा हाताशी होता तो काळ्या पडद्याचाच. तोच जोडून त्याने प्रस्ताव पाचाच्या आत धाडला.

थोड्या वेळाने नगरहून साहेबांचा फोन आला. आवाज खाली गेलेला होता. “फोटो पाहिला. हार, फुलं, उदबत्ती... केव्हा गेला?”

“नाही साहेब,” शौनक गडबडला. “तो चालू आहे.”

“पहिल्या दिवशी सगळ्यांना असंच वाटतं हो. धीर धरा. तुमचे दहा संगणक आजच मंजुरीला पाठवतो.”

शौनकने ते सांगितले, तेव्हा बाई मटकन खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. झुंबरबाईंनी म्हाताऱ्याची दृष्ट काढली. एवढ्यात जामखेडचा फोन वाजला.

“झाडावरनं उतरलो बघा. झाली का माझी फाईल बंद?”

शौनकने मागच्या खोलीकडे पाहिले. झेंडूंच्या आड पडदा मंद उजळत होता.

“नाही, आबासाहेब. उद्यापर्यंत ती तुमचीच आहे.”

“मग राहू द्या,” आबासाहेब म्हणाले. “मला कुठं घाई हाय?”