खैरनारांचे मोजे

खैरनार कुणाच्याही घरी गेले की आधी मोजे काढतात. बूट सगळेच काढतात. खैरनार मोजे काढून खिशात घालतात, खोलीच्या मधोमध अनवाणी उभे राहतात आणि डोळे मिटतात. यजमान नवखा असेल तर त्याला वाटतं, पाहुण्यांना चक्कर येतेय. मग निकाल येतो : "वरून लाकूड, आतून प्लास्टिक. फसवलंय तुम्हाला."

फेल्डहोवन या डच गावातल्या आमच्या कंपनीत ते धुळीचा कणही न चालणाऱ्या खोलीत काम करायचे. आता निवृत्त आहेत, एकटेच राहतात आणि गावातल्या मराठी घरांच्या जमिनी तपासत सायकलवरून हिंडतात.

मी मात्र त्यांना स्वतःहून बोलावलं. बोलवावंच लागलं. आम्ही जुनं घर घेतलं. त्याच्या तळघरात एक खोली आहे. हीटर नाही, भिंती ओलसर. तिथे पंगत बसावी ही माझ्या बायकोची, मंजिरीची, फार इच्छा. मी सेलमधलं लॅमिनेट, म्हणजे जमिनीवर बसवायच्या लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या, आणून, व्हिडिओ बघत, स्वतः बसवलं. इथवर ठीक होतं. मग दिवाळी आली आणि माझ्यातला पुणेकर जागा झाला. सणाला जमीन धुवायची म्हणून मी बादलीभर पाणी ओतलं. ओतल्यावर लक्षात आलं, इथे मोरी नाही.

जमीन पापडासारखी फुगली. "आता परत चुकलास तर ती खोली सायकलींची," मंजिरीने बजावलं.

खैरनारांनी फुगवट्यावर पाय ठेवला. "राजे, लॅमिनेटला अभ्यंगस्नान घातलंत?"

लॅमिनेट उखडून काढल्यावर त्यांनी खालच्या काँक्रीटवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवला. दोन दिवसांनी प्लास्टिकखाली थेंब जमले होते. "ओल खालून येतेच आहे. तुम्ही फक्त घाई केलीत," असं त्यांनी माझं सांत्वन केलं.

मग नमुने आले. कॉर्क, व्हिनाइल, टाइल. प्रत्येकावर खैरनार मांडी घालून बसायचे. "थंडी वर यायला वेळ लागतो," म्हणायचे. थंडी वर येईपर्यंत चहा व्हायचा, मग पोहे. एकदा तर पिठलं-भात झाला तरी थंडीचा पत्ता नव्हता. "हा माणूस जमीन तपासतोय की आपला स्वयंपाक?" मी मंजिरीला विचारलं.

अखेर निकाल लागला. "टाइल लावा, वर सतरंजी. सतरंजी वाळत घालता येते. लॅमिनेट वाळत घालून बघा!"

टाइल लावल्या. मी नाही, मला हात लावायची बंदी होती. पहिली पंगत झोकात झाली. मंडळी पांगल्यावर खैरनारांनी खिशातून मोजे काढले आणि सावकाश चढवले.

"झालं तर मग. आता इथे माझं काही काम नाही."

"छे, अजिबात नाही!" मी म्हणालो. "सुटलात तुम्ही."

मंजिरीने माझ्या पायावर पाय दिला. "भाऊजी, तो कोपरा अजून गार वाटतो हं. शनिवारी येऊन बघाल?"

"कुठला कोपरा?" मी विचारलं. पुन्हा पाय.

खैरनार कोपऱ्याकडे बघत राहिले. तो बाकीच्या कोपऱ्यांइतकाच गार होता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मग वाकून त्यांनी एक मोजा काढला.

"शनिवारी येतोच. पण आत्ताही बघून ठेवतो. फक्त, थंडी वर यायला—"

"लागू दे वेळ," म्हणत मंजिरी चहा टाकायला वर गेली.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मीही मोजे काढले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.